खेळाच्या यंत्रांचें अल्पायुष्य

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें दोन वर्षें पैसे सांठवून खेळाचें एक यंत्र, म्हणजे 'गेमिंग कन्सोल', विकत घेतलें. दीड वर्ष होतें न होतें तोंच त्याच्या 'कंट्रोलर'ला एक खोड लागली. दांडीला बोट न लावतांहि पडद्यावरील खेळाडू आपोआप डावीकडे चालूं लागे. जालन्यांतील कारागिरानें हात टेकले. विक्रेत्याचा निरोप आला कीं, हमीची मुदत संपली, आतां नवाच घ्या. मुलाचे वडील लोखंडाच्या कारखान्यांत मजुरी करितात. "सर, मीं तर तो जपून वापरला, मग चूक कोणाची?" असें त्यानें आम्हांस विचारलें. त्याचें उत्तर येथें देत आहों.

कंट्रोलरच्या दांडीखालीं बहुधा दोन पोटेन्शिओमीटर असतात. एक डावी-उजवी हालचाल ओळखतो, दुसरा मागची-पुढची. प्रत्येकांत कार्बनचा लेप दिलेली पट्टी असून तिजवरून धातूची बारीक जीभ घासत फिरते. जीभ जेथें टेकेल त्या मानानें विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून यंत्रास दांडीची जागा कळते. जुन्या रेडिओचा आवाज कमी-अधिक करण्याची खुंटी याच तत्त्वावर चाले. परंतु जेथें घर्षण तेथें झीज. लेप झिजला, भुकटी सांचली, कीं मध्यबिंदु ढळतो व दांडी कोणी ढकलीत आहे असें यंत्रास वाटतें. यालाच 'ड्रिफ्ट' म्हणतात. आपल्याकडील उन्हाळ्याची धूळ आंत शिरल्यास हें दुखणें लवकर जडतें.

हा अनुभव एकट्या जालन्याचा नव्हे. निंटेन्डो कंपनीच्या 'स्विच' यंत्रावरून २०१९ सालीं अमेरिकेंत दावे लागले. २०२० सालीं कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनीं दिलगिरी व्यक्त केली. आणि २०२३ सालीं युरोपांत हा दोष हमीनंतरहि विनामूल्य दुरुस्त करण्याचें कंपनीनें मान्य केलें. त्यापूर्वीं २००७ सालीं मायक्रोसॉफ्टला 'एक्सबॉक्स ३६०'च्या बिघाडापायीं हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली व त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस ठेवावी लागली.

मग यावर उपाय नाहीं काय? आहे. एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधिलेल्या तत्त्वानुसार लोहचुंबकाच्या साहाय्यानें, कोठेंहि न घासतां, दांडीची जागा ओळखतां येते. सेगा कंपनीनें १९९८ सालच्या 'ड्रीमकास्ट'मध्यें हीच युक्ति योजिली होती. म्हणजे ज्ञान जुनें आहे. उणीव टिकाऊ माल करण्याच्या इच्छेची आहे. बदलावयाचा भाग स्वस्त असतो. परंतु तो डझनभर टांक्यांनीं जखडलेला असल्यामुळें मजुरीच जड होते.

विद्यार्थिमित्रांनो, ग्राहकानेंहि जागें राहिलें पाहिजे. २४ डिसेंबर २०२२ रोजीं, राष्ट्रीय ग्राहक दिनीं, भारत सरकारनें 'दुरुस्तीच्या हक्का'चें संकेतस्थळ सुरू केलें. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. वस्तु घेण्यापूर्वीं तिची किंमत सर्वच विचारतात; सुटे भाग मिळतात काय व दुरुस्ती कोठें होते, हेंहि विचारावें.

त्या विद्यार्थ्यानें पुढें आमच्या देखरेखीखालीं प्रयोगशाळेंतील डाखणीनें जुने टांके सोडविले व नवी दांडी बसविली. दोन संध्याकाळ लागल्या, पण खेळाडू जागेवर उभा राहिला. चूक त्याची नव्हती, हें त्यास आतां स्वतःच्या हातानें कळलें आहे.