काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसलेला सिंथेसायझर! कोण होते डॉन बुकला?

सिंथेसायझर म्हटलं की पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आठवतात. पण आवाज विजेवर तयार होत असेल, तर पट्ट्या हव्यातच कशाला? अमेरिकेतल्या डॉन बुकला यांनी आयुष्यभर या एकाच प्रश्नाभोवती वाद्यं बनवली.

सुरुवात कशी झाली?

१९३७ मध्ये जन्मलेले बुकला बर्कलीला भौतिकशास्त्र शिकले. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे टेप कापून जोडण्याचं किचकट काम होतं. सॅन फ्रान्सिस्कोतले संगीतकार मॉर्टन सुबॉटनिक आणि रॅमोन सेंडर यांना त्यातून सुटका हवी होती. त्यांनी बुकलांना यंत्र बनवायला सांगितलं. त्यासाठी अनुदानातले ५०० डॉलर मिळाले आणि त्यातून 'बुकला १००' हे वाद्य घडलं.

पट्ट्यांना विरोध का?

पट्टी दाबली की ठरलेला स्वर वाजतो. दोन पट्ट्यांमधली जागा हाती लागत नाही. ही अडचण आपल्याही ओळखीची आहे. पेटीवर मींड घेता येत नाही, हा आक्षेप जुनाच. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं.

बुकलांचं म्हणणं असं, की समोर पियानोच्या पट्ट्या ठेवल्या तर हात पियानोचंच संगीत वाजवणार. म्हणून त्यांनी स्पर्श ओळखणाऱ्या धातूच्या पट्टिका बसवल्या. त्या स्पर्शाने स्वर बदलायचा, आवाजाचा पोत बदलायचा की स्वरांची साखळी सुरू करायची, हे वादकाने ठरवायचं.

मग बाजी कोणी मारली?

बाजारात रॉबर्ट मूग यांचा कीबोर्डवाला सिंथेसायझर जास्त गाजला. वादकांना तो लगेच वाजवता येत होता. पण सुबॉटनिक यांचा १९६७चा 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' हा अल्बम बुकलांच्याच वाद्यावर तयार झाला.

पुढे त्यांनी कंट्रोलर बनवले. कंट्रोलर म्हणजे हाताची हालचाल टिपून दुसऱ्या यंत्राला 'असं वाजव' असं सांगणारं उपकरण. त्यांच्या 'लाइटनिंग'मध्ये तर हवेत कांड्या फिरवायच्या, बस्स! इन्फ्रारेड प्रकाशाने ती हालचाल टिपली जायची.

यातून काय घ्यायचं?

बुकला २०१६ मध्ये गेले. या क्षेत्रात करिअर करायचं असेल, तर सर्किट आणि कोडिंग शिकावंच लागेल. पण त्याआधी वादकाशेजारी बसून त्याचे हात बघा. त्याला काय वाजवायचंय आणि हातातलं वाद्य त्याला कुठे अडवतंय? नव्या वाद्याची सुरुवात तिथूनच होते.