विश्लेषण : रायफलची रिकामी पुंगळी पुन्हा कशी भरतात? ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’ काय असते?

रायफलचा चाप ओढला की दारू जळते, गोळी निघून जाते आणि पितळी पुंगळी मागे उरते. काडतुसाचा बहुधा सर्वांत महाग भाग हाच असतो आणि तो पुन्हा वापरता येतो. त्यामुळे अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी घरीच काडतुसे भरतात. खर्च वाचतो आणि आपल्या रायफलला साजेसे काडतूस तयार करता येते.

काडतुसात काय असते?

पुंगळी, तिच्या बुडातील प्राइमर, धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असे चार भाग असतात. पुनर्भरणात पुंगळी जुनी, बाकी तिन्ही नवे असतात.

प्रोग्रेसिव्ह प्रेसचे वेगळेपण काय?

साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होते. आधी सगळ्या पुंगळ्यांचे पहिले काम, मग डाय बदलून दुसरे. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये फिरती तबकडी असते. दांडा एकदा ओढला की एका पुंगळीचा जुना प्राइमर निघतो, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. तबकडी भरल्यावर प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होते. ‘डिलन ५५०’मध्ये तबकडी हाताने फिरवावी लागते, तर ‘डिलन ७५०’मध्ये ती आपोआप फिरते.

रायफलचे काम किचकट का?

रायफलची पुंगळी बहुधा बाटलीसारखी, मानेशी निमुळती असते. बार उडताना ती फुगते. डाय तिला दाबून पूर्ववत मापात आणते. त्याआधी वंगण लावले नाही, तर ती डायमध्येच अडकते. शिवाय दरवेळी पितळ पुढे सरकून पुंगळी लांबते. ‘.२२३ रेमिंग्टन’ पुंगळीची कमाल लांबी ४४.७० मिलिमीटर आहे. त्यापुढचा भाग कापावा लागतो. म्हणून अनेक जण दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत माप दुरुस्त करून, वंगण पुसून, जादा लांबी कापतात. दुसऱ्या फेरीत भरणी करतात.

धोका कुठे?

वेग हाच या यंत्राचा फायदा आणि धोकाही. यंत्र दारू वजनाने नव्हे, आकारमानाने मोजते. लांब कांड्यांसारखे दाणे मापात अडकतात आणि प्रमाण कमीजास्त होते. पिस्तुलाच्या काही काडतुसांत चुकून दुप्पट दारू मावते. रायफलच्या पुंगळीत ती सहसा ओसंडून वाहते आणि चूक दिसते. पण दारू पडलीच नाही, तर प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकू शकते. मागून दुसरी झाडली, तर नळी फुटू शकते. म्हणूनच दारूची पातळी तपासणारी डाय बसवतात आणि मधूनमधून काट्यावर वजन करतात. बुडाजवळ चकाकती रेघ दिसली, तर पुंगळी तिथे फाटण्याच्या बेतात असते. ती टाकून देतात.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय करायचा तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात हे काम खडकी आणि वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत होते. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे.