४२.३४ मीटरचें गणित

इ. स. १९४२ च्या ऑगस्टांत ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले आणि मुंबईंत एक गुप्त नभोवाणी-केंद्र सुरू झालें. बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांचे सहकारी तें चालवीत. पोलिसांचा ससेमिरा चुकविण्यासाठीं यंत्र एका बिऱ्हाडांतून दुसऱ्या बिऱ्हाडांत हलवावें लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत त्यावर छापा पडला. जागा बदलत, श्रोत्यांच्या ओळखीची झाली ती ४२.३४ मीटर ही तरंगलांबी.

आपल्या घरांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज विचारावें, कीं हा आंकडा तारांत व पत्र्यांत उतरवावा कसा?

झोपाळ्याला झोका दिला, कीं तो आपल्या ठराविक लयीनेंच झुलतो. कंडेन्सर व तारेची कॉईल एकमेकांस जोडली असतां विजेचेंही तसेंच होतें. कंडेन्सरांत सांठलेला विद्युद्भार कॉईलमधून वाहूं लागतो. कॉईल त्या प्रवाहाला एकदम थांबूं देत नाहीं, म्हणून कंडेन्सर उलट बाजूनें भरतो, आणि भार पुन्हां माघारीं येतो. झोपाळ्याला अधूनमधून पाय मारावा लागतो; तें काम त्या काळीं व्हॉल्व्ह करी. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३० कोटी मीटर, त्यास ४२.३४ नें भागतां सेकंदास सुमारें ७१ लक्ष झोके होतात.

आतां नियम. कॉईलचे मायक्रोहेन्री व कंडेन्सरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ काढून त्यास १८८५ नें गुणावें, म्हणजे मीटरमध्यें तरंगलांबी मिळते. आपणांस उलट जावयाचें आहे. ४२.३४ ला १८८५ नें भागलें, तर ०.०२२४६ येतात, त्यांचा वर्ग ०.०००५०४५. हा वर्ग करण्याचें विसरणें ही विद्यार्थ्यांची नेहमींची चूक.

एवढें करून गुणाकार ठरला. त्याचे दोन अवयव मात्र ठरले नाहींत. एक आपण निवडावा, म्हणजे दुसरा हातीं येतो. समजा, १०० पिकोफॅरडचा, म्हणजे ०.०००१ मायक्रोफॅरडचा, कंडेन्सर घेतला. मग कॉईल सुमारें ५.०५ मायक्रोहेन्रीची हवी. एक इंच व्यासाच्या नळीवर एक इंच लांबींत सारखे पसरलेले सुमारें १७ वेढे घातले, कीं ती तयार होते. हे आंकडे त्या यंत्रांतले नव्हेत. घरीं मांडून पाहण्याजोगें हें एक उदाहरण आहे.

पण कागदावरचें बरोबर गणितही यंत्रांत फसतें. जवळून गेलेल्या दोन तारांमध्येंही थोडी धारकता असते. समजा, अशी १० पिकोफॅरडची भर न मागतां पडली; १०० चे ११० झाले, आणि ४२.३४ मीटरऐवजीं लहरी ४४.४ मीटरवर गेल्या. श्रोत्याच्या रेडिओंतही कॉईल-कंडेन्सरची अशीच जोडी असते. बटन फिरवून तो कंडेन्सर कमीजास्त करतो आणि दोन्हीं झोक्यांची लय जुळली कीं शब्द उमटतो. यासच अनुनाद म्हणतात. लय न जुळल्यास ४२.३४ वर कान लावून बसलेल्याला कांहींच ऐकूं येणार नाहीं. म्हणून तारांची धारकता आधींच वजा धरावी, आणि शेवटचा बारीक फरक फिरत्या कंडेन्सरनें काढावा.

उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ सालीं त्या सुटल्या. त्यांचा आवाज घरोघर पोंचला, त्यामागें असलें दशांश-चिन्हाचें काटेकोर काम होतें. परीक्षेंत दशांश-चिन्ह चुकलें तर दोन गुण जातात. तेथें चुकलें असतें, तर जीव धोक्यांत घालून बोललेला शब्द कोणाच्याही कानीं पडला नसता. घरांतलें मूल ‘हें गणित कशाला?’ म्हणून विचारील, तेव्हां त्याला ही हकीकत सांगावी आणि मग कागद-पेन्सिल पुढें करावी.