जुन्या मोटारीचे दात

बैल घ्यायचा तर आधी दात पाहावेत, असे माझे अब्बा म्हणत. आता वऱ्हाडात जुन्या विजेच्या मोटारीही विकायला येऊ लागल्या आहेत. त्यांचे दात सॉफ्टवेअरमध्ये असतात.

अशा मोटारीत बॅटरीवर एक संगणक पहारा देतो. सेलचे व्होल्टेज आणि तापमान मोजून चार्जिंग किती वेगाने घ्यायचे, कधी थांबवायचे, हे तो ठरवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा पहारेकरी जागा हवा. कंपनी त्याचे सॉफ्टवेअर वेळोवेळी सुधारते. काही सुधारणा मोबाइलच्या जाळ्यातून येतात, काही सर्व्हिस सेंटरमध्येच भराव्या लागतात. आधीचा मालक तिकडे फिरकलाच नसेल, तर त्या राहून जातात.

म्हणून पैसे देण्याआधी मालकाला घेऊन अधिकृत सेंटरवर जा, असे मी सांगेन. चासी नंबरवरून राहिलेल्या सुधारणा विचारा, करून घ्या आणि जॉबकार्डावर नोंदवून घ्या. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. त्यातली किती उरली आणि ती आपल्याला लागू आहे का, तेही लेखी घ्या.

आरसीवर आपले नाव चढले, पण अ‍ॅपवर जुन्या मालकाचेच राहिले, तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहते. ते खाते त्याच्यासमोरच बंद करा.

शेवटी पूर्ण चार्ज करून अमरावतीहून अकोल्याला जाऊन पाहा. साधारण शंभर किलोमीटरांत किती टक्के खर्च झाले, ते पाहूनच सौदा पक्का करा.