वरळीच्या मनोऱ्याखाली

वरळीतल्या पांडुरंग बुधकर मार्गावरचा पोलादी मनोरा मुंबईच्या अनेक भागांतून दिसतो. त्याची उंची सुमारे 300 मीटर आहे. त्याच्या पायथ्याशी मुंबई दूरदर्शन केंद्र उभे आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी या केंद्राने प्रक्षेपण सुरू केले आणि मराठी भाषा पहिल्यांदाच घराघरातल्या पडद्यावर बोलू लागली. आज मराठी वाहिन्यांची गर्दी आहे. तरी या एका केंद्राने मराठी समाजासाठी केलेले काम अद्याप कुणाला मागे टाकता आलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. ते काम कसे उभे राहिले हे आज नीट समजून घ्यायला हवे.

भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रयोग म्हणून झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या-अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एवढाच त्याचा पसारा होता. दिल्लीच्या त्या आरंभीच्या दिवसांत आपले पु. ल. देशपांडेही तिथे काम करत होते. रोजचे प्रक्षेपण 1965 साली सुरू झाले. त्यानंतर सात वर्षांनी मुंबईची पाळी आली. कोलकाता आणि चेन्नई यांना 1975 उजाडेपर्यंत थांबावे लागले. त्या वेळी ही सगळी केंद्रे आकाशवाणीच्या छत्राखालीच होती. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि पी. व्ही. कृष्णमूर्ती त्याचे पहिले महासंचालक झाले.

मनोऱ्याची नजर पोहोचेल तिथपर्यंत

या केंद्राचे स्थानिकपण आधी भौतिकशास्त्राने ठरवले आणि मग धोरणाने. दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर त्या जमिनीपासून वर निघून जातात. मनोरा जितका उंच, तितके त्याचे क्षितिज लांब. तीनशे मीटरच्या मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे 70 किलोमीटरवर येते. घरावरची अँटेना उंच असेल तर आणखी थोडा पल्ला मिळतो. वाटेत डोंगर आला की त्याच्या सावलीतल्या गावाला चित्र दिसत नाही.

पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले ते 1973 साली, सिंहगडावर बसवलेल्या सहप्रक्षेपकामुळे. गडाची उंची समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या आसपास आहे. पुणे शहर त्याच्या थेट नजरेत येते. उंच मनोऱ्याचे निम्मे काम सह्याद्रीनेच करून ठेवले होते. विदर्भ, मराठवाडा आणि कोकणाच्या मोठ्या भागाला मात्र ऐंशीच्या दशकात प्रक्षेपकांचे जाळे विणले जाईपर्यंत वाट पाहावी लागली. पहिले दशकभर हे केंद्र नावाने महाराष्ट्राचे होते, पण दिसत होते ते प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच.

ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना गच्चीवर चढून अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना फिरवणे आठवत असेल. तिचे तोंड वरळीकडे किंवा सिंहगडाकडे नीट आले नाही की पडद्यावर मुंग्या यायच्या. उंच इमारतींवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोहोचली की एका माणसाशेजारी त्याचीच फिकट प्रतिमा दिसायची. संच बाळगायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. घरगुती संचांची ही परवाना पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. जाहिराती सुरू झाल्या त्या 1 जानेवारी 1976 पासून. म्हणजे पहिली तीन वर्षे हे केंद्र कुठल्याही मालाच्या विक्रीशिवाय चालले.

स्टुडिओत काय चालायचे

कार्यक्रम स्टुडिओत घडायचा, पण त्याची सूत्रे काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षातून हलायची. निर्माता तिथे बसून दोन-तीन कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवलेल्या मॉनिटरवर पाही. कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा घ्यायचा हे तो सांगे आणि व्हिजन मिक्सरवरचा माणूस बटण दाबे. स्टुडिओतला फ्लोअर मॅनेजर कानाला हेडफोन लावून निर्मात्याच्या सूचना ऐके आणि हाताच्या खुणांनी कलावंतांपर्यंत पोहोचवी. तयार झालेले चित्र मुख्य नियंत्रण कक्षात जाई. तिथे निवेदन, बातम्या, चित्रफिती यांची मिनिटा-मिनिटाची माळ ओवली जाई आणि मग ती प्रक्षेपकाकडे सुटे. कुठे खंड पडलाच, तर ‘व्यत्यय’ ही पाटी तयार असे.

सुरुवातीच्या काळात बाहेरचे चित्रीकरण 16 मिलिमीटर फिल्मवर व्हायचे. फिल्म धुऊन, वाळवून, कापून जोडल्याशिवाय दाखवता येत नसे. त्यामुळे संध्याकाळच्या बातमीपत्रासाठी कॅमेरामनला दुपारीच केंद्र गाठावे लागे. स्टुडिओतल्या कार्यक्रमांसाठी चित्रफीत होती, पण ती महाग होती आणि तिचे संकलन जिकिरीचे होते. म्हणून बरेचसे कार्यक्रम थेट सादर होत, किंवा थेट असल्यासारखे सलग चित्रित होत. सलग वीस मिनिटे न अडखळता काम करणारे कलावंत मराठी रंगभूमीकडे भरपूर होते. मुंबई केंद्रावर नाटकाच्या माणसांचा जो ठसा उमटला, त्यामागे हे तांत्रिक कारणही आहे.

प्रत्येकाचा एक कार्यक्रम

केंद्राचे खरे वैभव त्याच्या निर्मात्यांत होते. कार्यक्रमांची वाटणी प्रेक्षकांच्या गटांनुसार केलेली होती आणि प्रत्येक गटाची जबाबदारी एका निर्मात्यावर असे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ होता आणि तो शिवाजी फुलसुंदर यांनी नावारूपाला आणला. कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, मुलांसाठी ‘किलबिल’, तरुणांसाठी ‘युवादर्शन’ होते. साहित्य आणि कलेसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होता. सुहासिनी मुळगावकरांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. भावसंगीतासाठी अरुण काकतकरांचा ‘शब्दांच्या पलीकडले’ होता. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या नाट्यप्रवेशांतून निखळ विनोद घरात आणला.

आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. हा कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी, वस्त्या-वस्त्यांत ज्ञानदीप मंडळे स्थापन केली आणि पडद्यावर ऐकलेले प्रत्यक्षात आणायला सुरुवात केली. प्रेक्षकाला कार्यकर्ता करणारा असा कार्यक्रम आपल्याकडे विरळाच.

मालिकांचे युग देशात 1984 साली ‘हम लोग’ने सुरू झाले असे मानतात. मुंबई केंद्र त्याच्या आधीच या वाटेवर होते. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींच्या कथांवरून ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पुढे आयुष्यभर लोकांनी त्या नावांनी ओळखले. केंद्राचे काम मराठीपुरतेही नव्हते. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ 1972 सालीच सुरू झाला आणि 1993 पर्यंत चालला. ‘छायागीत’ होते, गुजराती प्रेक्षकांसाठी वेगळे कार्यक्रम होते. बहुभाषिक मुंबईचे केंद्र असेच असायला हवे होते.

बातम्यांचाही स्वतंत्र दबदबा होता. डॉ. विश्वास मेहेंदळे हे मराठीतले पहिले दूरदर्शन वृत्तनिवेदक. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, वासंती वर्तक यांच्या उच्चारांवरून घरोघरच्या मुलांनी प्रमाण मराठी घोटवली. स्मिता पाटीलही याच केंद्रावर बातम्या वाचत आणि तिथूनच त्या श्याम बेनेगल यांच्या नजरेस पडल्या. त्या काळी टेलिप्रॉम्प्टर नव्हता. कागदावरची ओळ डोळ्यांनी उचलायची आणि प्रेक्षकाकडे पाहून बोलायची, ही त्यांची रोजची परीक्षा होती. ती भाषा शांत होती, नेमकी होती आणि आरडाओरडा न करता विश्वास कमावणारी होती.

दिल्लीची सावली, उपग्रहाचा हात

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारी होते. आणीबाणीत बातम्यांवर सत्तेचा हात किती घट्ट बसतो, हे देशाने पाहिले. 1978 साली वर्गीस समितीने स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये झाला आणि तो प्रत्यक्षात आला 1997 साली. मधली दोन दशके चर्चेतच गेली.

15 ऑगस्ट 1982 रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आले. देश एकाच वेळी एक गोष्ट पाहू लागला, ही मोठी घटना होती. पण संध्याकाळची सर्वांत मोक्याची वेळ त्यामुळे दिल्लीकडे गेली आणि स्थानिक कार्यक्रमांना उरलेल्या जागेत बसावे लागले. पुढे उपग्रहानेच ही कोंडी फोडली. 1994 साली मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि 2000 साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. आता मनोऱ्याचे क्षितिज उरले नव्हते. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली एकाच क्षणी एकच मराठी कार्यक्रम पाहू लागले. त्याच सुमारास, 1999 साली, अल्फा मराठीपासून खासगी मराठी वाहिन्यांची स्पर्धाही सुरू झाली. जाहिरातदार तिकडे वळले आणि बरेच कलावंतही.

तरीही गरज पडली तेव्हा हेच केंद्र उपयोगी आले. 2020 मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या. इंटरनेट आणि मोबाइल नसलेल्या घरांतली मुले अभ्यासापासून तुटली होती. तेव्हा पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्रीवरून दाखवली गेली. मासिक शुल्क न घेणारी, प्रत्येक गावात पोहोचणारी मराठी वाहिनी असणे म्हणजे काय, हे त्या वेळी कळले.

ठेवा आणि जबाबदारी

चित्रफीत महाग म्हणून जुन्या फितींवर नवे कार्यक्रम चित्रित करण्याची पद्धत देशातल्या केंद्रांत रूढ होती. त्यात कितीतरी मुलाखती, मैफली, नाट्यप्रवेश पुसले गेले. जे वाचले, त्यातले काही आता सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवर पाहता येते. पण चुंबकीय फीत वर्षागणिक झिजते आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. हे काम सवडीने करण्यासारखे नाही.

म्हणून प्रसार भारतीकडे आणि महाराष्ट्र शासनाकडे मागणी एकच आहे. मुंबई केंद्राच्या संग्रहातली प्रत्येक फीत डिजिटल करावी, तिची विषयवार सूची छापावी आणि ती अभ्यासकांना, विद्यार्थ्यांना, सामान्य प्रेक्षकांना खुली करावी. केंद्राला स्वतःचे निर्माते नेमण्याचा अधिकार आणि त्यांना पुरेसा निधी द्यावा. आणि वाचकहो, तुमच्या घरात जुन्या व्हिडिओ कॅसेटवर एखादा ‘गजरा’ किंवा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’चा भाग मुद्रित करून ठेवला असेल, तर ती कॅसेट रद्दीत टाकू नका. आधी तिची डिजिटल प्रत करून घ्या आणि केंद्राला कळवा. कदाचित त्या कार्यक्रमाची ती एकमेव शिल्लक प्रत असेल.