पऱ्हाटीतली साखर आणि साखरेतलं विष

शेतात पेटणाऱ्या पऱ्हाटीपासून इंधन बनू शकतं. मधे एक अडथळा आहे, आणि त्यावरचा एक उपाय कुजक्या लाकडावर उगवतो!

जानेवारी-फेब्रुवारीत यवतमाळहून राळेगाव किंवा पांढरकवड्याच्या बसमध्ये बसा आणि खिडकीबाहेर बघा. कापूस वेचून झालाय, धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लागलेत. थोडी चुलीत जाते, बरीचशी पेटवली जाते. शेतात ठेवूनही चालत नाही, कारण तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते. म्हणूनच तर ‘फरदड घेऊ नका’ असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं.

आता हे जे जळतंय त्यात साखर आहे, असं कुणी सांगितलं तर पटेल?

पण आहे! लाकडातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. ती लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात जखडलेली असते. सौम्य आम्ल आणि गरम वाफ देऊन ती जखड सैल करायची, मग सेल्युलेज हे एन्झाइम टाकून साखळी तोडायची. साखरेचं पाणी तयार. त्यात यीस्ट सोडलं की इथेनॉल. सोप्पं ना?

तसं नाही. वाफ आणि आम्लाच्या माऱ्यात साखरेसोबत नको ते पाहुणेही येतात. काही साखरेचं फरफ्युरल होतं, हेमिसेल्युलोजमधून ॲसेटिक आम्ल सुटतं, लिग्निन फुटून फिनॉल संयुगं मिसळतात. यीस्टसाठी हे सगळं विषच. समोर साखर असूनही ते काम मंद करतं, कधी थांबतंच.

जुना उपाय चुन्याचा. चुन्याने विष कमी होतं, पण थोडी साखरही वाया जाते आणि गाळ उरतो, त्याची विल्हेवाट वेगळीच.

इथे एन्ट्री होते लॅकेजची. हे तांबं असलेलं एन्झाइम. १८८३ मध्ये जपानच्या योशिदांनी लाखेच्या झाडाच्या चिकात ते पहिल्यांदा नोंदवलं. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीतही ते भरपूर असतं. भरताचं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? तिथेही तांबंवालंच एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनने फिनॉल बदलतं. लॅकेजचं काम त्याच जातीचं. ते फिनॉलचे छोटे रेणू एकमेकांना जोडून मोठे करतं, मग त्यांचा त्रास कमी होतो. साखरेला मात्र हात लावत नाही. १९९८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी विलोच्या लाकडापासून केलेल्या द्रावणावर ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीचं लॅकेज वापरलं, आणि यीस्टचा इथेनॉल बनवण्याचा वेग चांगलाच वाढला.

मात्र लॅकेज म्हणजे जादूची कांडी नाही. फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्लाचं ते काही करत नाही. शिवाय एन्झाइम स्वस्तात बनवणं हेही मोठं काम आहे.

‘हे सगळं परदेशात,’ असं म्हणू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प सुरू झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. पण पऱ्हाटी पेंढ्यासारखी मऊ नाही, ती लाकूडच. लिग्निन जास्त, म्हणजे फिनॉलचा त्रासही जास्त. त्यात ती उपटायची, बारीक करायची, वाहून न्यायची. हा खर्च निघाला तरच शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे पडतील. म्हणून साखरेचं हे पाणी स्वस्तात साफ करणं महत्त्वाचं.

मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, बायोटेक शिकताय? मग प्रोजेक्टचा विषय शोधत नेटवर कशाला फिरता? पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी गोळा करा. सरांच्या-मॅडमच्या देखरेखीखाली ती ग्वायकॉल घातलेल्या अगारवर वाढवा. भोवती लालसर-तपकिरी कडं दिसलं, तर लॅकेज असण्याची शक्यता आहे. पुढची पायरी, पऱ्हाटीच्या द्रावणावर तिची परीक्षा.

कच्चा माल आपल्या धुऱ्यावर पडलाय, बुरशी आपल्याच जंगलात आहे. आता हवेत ते प्रयोग करणारे हात!