ठाकुरवाडी आणि दरड : पावसाळ्याआधीचे आणि पावसाळ्यातले काम

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्रापासून आत, सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला घाटाची भिंत आणि मध्ये उल्हास व पाताळगंगा या नद्यांची खोरी. भातशेतीची गावे खाली सपाटीवर आहेत. ठाकूर आणि कातकरी समाजाच्या अनेक वाड्या मात्र डोंगराच्या सोंडांवर किंवा कड्याखालच्या माळांवर वसल्या आहेत. ठाकरांची वस्ती ती ठाकुरवाडी. या नावाच्या वाड्या दोन्ही तालुक्यांत एकाहून जास्त आहेत.

या भागाला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हासच्या काठची गावे पाण्याखाली गेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडमधल्या घरांची कौले आणि पत्रे उडवले. वीज पडणे, सर्पदंश, उन्हाळ्यातला वणवा हे धोकेही दरवर्षीचे आहेत. पण पूर चढताना दिसतो आणि वादळाची वर्दी दोन दिवस आधी मिळते. दरड काही क्षणांत सगळी वाडी घेऊन जाते. म्हणून डोंगरावरच्या वाडीत आपत्तीची तयारी म्हणजे मुख्यतः दरडीची तयारी.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. घट्ट काळा कातळ, त्यावर फुटका, सच्छिद्र खडक, दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी आणि सगळ्यांत वर मुरूम व मातीचे पांघरूण अशी त्याची रचना आहे. पाऊस मातीत आणि भेगांत मुरतो, पण कातळापाशी अडतो. अडलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते, पाण्याने माती जडही होते आणि उतार घसरतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी, घरासाठी किंवा फार्महाऊससाठी कापला असेल तर वरच्या मातीचा आधार आधीच गेलेला असतो. ओहळ बुजवला असेल तर त्याचे पाणी दुसरीकडून वाट काढते, आणि बहुतेक वेळा ती वाट मातीच्या पोटातून जाते.

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी इर्शाळगडाच्या सुळक्याखाली होती. पन्नासहून थोडी कमी घरे, सव्वादोनशेच्या आसपास माणसे, सगळी ठाकूर समाजाची. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याची सरकारी नोंद आहे. एका गुंठ्यावर इतका पाऊस पडला म्हणजे सुमारे ५० हजार लिटर पाणी, दहा हजारी पाच टँकर. १९ जुलैच्या रात्री, लोक झोपलेले असताना, डोंगराचा भाग वाडीवर आला. शाळेत थांबलेल्या काही तरुणांनी आवाज ऐकला आणि त्यांच्यामुळे बातमी खाली पोहोचली.

वाडीला रस्ता नव्हता. खालून चढून जायला सुमारे दीड तास लागे, आणि त्या रात्री पायवाटेवर चिखल, अंधार आणि धो धो पाऊस होता. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. जेसीबी वर नेता आला नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी, स्थानिक गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी फावडी आणि घमेल्यांनी ढिगारा उपसला. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

त्याआधी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ च्या सकाळी १५१ माणसे गेली, आणि महाडजवळच्या तळियेत २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धात घडल्या. जूनच्या पावसाने जमीन तृप्त झालेली असते, आणि त्यावर सलग दोन-तीन दिवस मुसळधार कोसळली की उतार तग धरत नाही. यादीत नाव नसलेल्या वाडीलाही धोका असतो आणि मदत वर पोहोचायला तास लागतात, हे इर्शाळवाडीने दाखवून दिले. म्हणून पहिली सूचना वाडीतूनच उठली पाहिजे, तीही दरडीच्या आधी.

हे काम वैशाखात सुरू होते. या दिवसांत वाडीत तशीही पावसाची बेगमी चाललेली असते. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपतात, कौले चाळतात, लाकूडफाटा आणि गोवऱ्या आत घेतात, तांदूळ-नाचणी भरून ठेवतात. याच वेळी वाडीच्या वरचा उतार चालून पाहायचा असतो. गवत वाळलेले असल्याने जमीन उघडी दिसते. गेल्या पावसाळ्यात पडलेली भेग रुंदावली का, सुटा धोंडा खालच्या मातीवर टिकून आहे का, ओहळात पालापाचोळा आणि दगड साचलेत का, हे पाहतात. ओहळ मोकळे करतात. भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधले अंतर दोरीने मोजतात आणि दोरीला गाठ मारून ठेवतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तीच दोरी लावायची. खुंट्या गाठीच्या पलीकडे गेल्या की उतार हलला.

दुसरे काम म्हणजे माणसांची यादी. कोणत्या घरात म्हातारे माणूस आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे आशाताईंना ठाऊक असते. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथवर माणूस झोळीतून न्यावा लागतो. जाड चादरीची दोन टोके बांबूला बांधतात, पुढे दोघे आणि मागे दोघे खांदा देतात, आणि निसरड्या उतारावर थोड्या थोड्या अंतराने खांदेकरी बदलतात. चार खांदेकऱ्यांना बदली चौघे, म्हणजे एका आजाऱ्यामागे आठ धडधाकट माणसे. रात्रीच्या पावसात इतकी माणसे जुळत नाहीत. म्हणून बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आणि आजाऱ्याला जोराच्या पावसाआधीच खालच्या गावात, नातेवाइकांकडे ठेवणे हा उपाय खात्रीचा.

तिसरे काम पाऊस मोजण्याचे. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो. एका मंडळात अनेक गावे येतात, आणि कड्याखाली पडणारा पाऊस सपाटीवरच्या मापकात उतरतोच असे नाही. वाडीत उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्यावर ठेवला आणि रोज सकाळी साडेआठला त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली तर मिलिमीटरचा आकडा मिळतो. डब्याचे तोंड लहान असो वा मोठे, फरक पडत नाही. आकडा भिंतीवर कोळशाने लिहिला तरी चालतो, पण रोज लिहिला पाहिजे. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. कर्जतच्या डोंगरात जुलैमध्ये असे दिवस अनेक येतात, म्हणून एका दिवसाचा आकडा पुरत नाही. तीन दिवसांची बेरीज पाहावी लागते. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या भीषण दरडींनंतर १९७७ मध्ये उतारांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र खाते निघाले. तिथे आजही दरडीचा इशारा पर्जन्यमापकांच्या आकड्यांवरून दिला जातो.

आकड्याच्या जोडीला खुणा असतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवा झरा फुटणे किंवा भर पावसात ओहळाचे पाणी अचानक कमी होणे, झाडे एका बाजूला कलणे, दार चौकटीत अडकू लागणे, भुईला तडा जाणे, दगड घरंगळल्याचा आवाज. यातली एक खूण दिसली तरी वाडीने निघायचे असते. दरड येताना दिसली तर उताराच्या दिशेने खाली पळू नये, बाजूला पळावे.

निघण्याचा निर्णय सगळ्यांत अवघड. गोठ्यात बैल आणि शेळ्या असतात, शेतात लावणी चालू असते. मागच्या वर्षी उठून गेलो आणि काहीच झाले नाही, ही आठवणही पाय मागे ओढते. म्हणून निर्णय त्या वेळी घ्यावा लागू नये, तो उन्हाळ्यातच ठरलेला असावा : किती पाऊस झाला की निघायचे, कोणत्या वाटेने, कुठे मुक्काम, जनावरांची दावी कोण सोडणार. वाडीतली शाळा त्याच उतारावर असेल तर ती आसऱ्याची जागा धरू नये. खालच्या गावातली शाळा, समाजमंदिर किंवा आश्रमशाळा आधी बोलून ठेवावी लागते. निघायचे ते उजेडात, दुपारीच. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, वनहक्काची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगलेली बरी. वीज गेली की फोन बंद पडतो आणि रेंज ठरावीक टेपाडावरच मिळते. त्यामुळे बॅटरी, शिट्टी आणि ताटावर वाजवायचा ठरलेला ठोका यांचाच भरवसा. रेंज मिळाली तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ हवेत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाची आहे. तालुक्याला ती तहसीलदार पाहतात, गावात तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील. तलाठ्याला वाडीचा रोजचा आकडा कळवणे आणि त्याने तो वर पाठवणे, एवढी साखळी पावसाळाभर चालली तर यादीत नसलेली वाडीही प्रशासनाच्या नजरेत राहते.

शेवटचा उपाय पुनर्वसनाचा. इर्शाळवाडीतून वाचलेली कुटुंबे आधी कंटेनरच्या घरांत राहिली. पुढे सिडकोने त्यांच्यासाठी चौक गावाजवळ पक्की घरे बांधली. इतर वाड्यांना हे सोपे नाही. बरीच वस्ती वनजमिनीवर आहे, घराखालची जागा नावावर नाही, आणि खाली जमीन मिळाली तरी नाचणी-वरीचे शेत, गवत, रानभाजी आणि दैवत वरच राहते. वनहक्क कायदा २००६ ने मिळणारा हक्क खाली उतरल्यावरही शाबूत राहील, अशी खात्री कुटुंबाला मिळाली तरच वाडी आपणहून उठते. घर खाली आणि शेत वर, अशी विभागणी झाल्यावरही दिवसा माणसे त्याच उतारावर असतात. तेव्हा खुंट्या, दोरी आणि पावसाचा डबा ही साधने वाडी उतरली तरी वरच ठेवावी लागतात.